गोठ्याचा बारावा खांब

१

खांब अकरा निघाले. मिस्त्रींनी दुसऱ्यांदा मोजले, या वेळी प्रत्येक खांबाला हात लावून. अकराच.

"काल संध्याकाळी बारा होते," ते म्हणाले. "ताडपत्री मी स्वतः टाकली."

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. आठ दिवसांत पाऊस नव्हता, तरी खाडीवरून येणारी हवा इतकी दमट होती की मिस्त्रींची काडी तिसऱ्या ओढीला पेटली. समोर जुना गोठा अर्धाच उरला होता. खाडीकडची बाजू उतरवून झाली होती. रस्त्याकडची बाजू आठ खांबांवर आणि कडेच्या तुळईखाली लावलेल्या तीन टेकूंवर उभी होती. कौलं काढलेली, वासे उघडे. वीस खांबांचा गोठा. आठ उभे, बारा खाली. म्हणजे खाली बारा हवेत.

मिस्त्रींच्या शेजारी हातात स्टीलची टेप घेऊन एक बाई उभ्या होत्या. वय बावन्न, चष्मा दोरीला बांधलेला, खांद्याला कापडी पिशवी. बांधकाम परवानगीच्या कार्यालयातून त्या आठच्या बसनं आल्या होत्या आणि पाचच्या बसनं जाणार होत्या. सगळं मोजल्याशिवाय सही करत नाहीत म्हणून पंचक्रोशीत त्यांना मोजणीबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

"कुठला खांब गेला?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी खडूचे आकडे पुन्हा वाचले आणि काडी विझवली.

"बारा नंबर," ते शेवटी म्हणाले. "बाई, तुम्ही जो बघायला आलात तोच."

२

त्या खांबावर पुराच्या खुणा होत्या. खाडीचं पाणी गोठ्यात शिरलं की घरातलं कोणीतरी पाणी चढलं तिथे चाकूनं आडवी रेघ कापायचं. गोठ्याच्या मालकीणबाईंनी नव्या गोठ्याच्या अर्जात तसं अभिमानानं लिहिलं होतं आणि म्हणूनच मोजणीबाईंना पाठवलं गेलं होतं.

नियम सरळ होता. त्या जागी पाणी साडेपाच फुटांच्या वर चढल्याचा पुरावा असेल, तर जनावरांसाठी बांधकाम नाही. त्याहून कमी असेल, तर खुणेच्या दोन फूट वर जोतं घ्यायचं. पुरावाच नसेल, तर कार्यालयातला नकाशा प्रमाण. आणि नकाशात या जागेवर पाणी जेमतेम दोन फूट दाखवलेलं होतं. पण असलेला पुरावा अर्जदारानं लपवला, तर अर्ज कायमचा बाद.

मालकीणबाईंच्या चौदा गाई त्या वेळी परसात ताडपत्रीखाली उभ्या होत्या. पावसाळा पाच आठवड्यांवर होता. परवानगी आज मिळाली नाही, तर गाई विकाव्या लागणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बहुधा गाईंनाही असावं. त्या सकाळपासून हंबरत होत्या.

"तुमची पद्धत सांगा," मोजणीबाई मिस्त्रींना म्हणाल्या.

"पद्धत एकतीस वर्षांची आहे," मिस्त्री छाती काढून म्हणाले. "पाडणारे वेगळे आणि उतरवणारे वेगळे, बाई. पाडायला काय, बैलसुद्धा पाडतो. आम्ही उतरवतो. एकेक तुकडा खाली आला की तपासायचा. चांगला असेल तर खडूनं गोल आणि गोलात नंबर. खराब असेल तर फुली. गोलवाल्यांचा ढीग इकडे, फुलीवाल्यांचा तिकडे."

दोन्ही ढिगांमध्ये चार पावलांचं अंतर होतं. फुलीवाल्या ढिगात शेजारच्या गवताच्या पडवीचे खांब होते. ती परवाच उतरवली होती.

"गोलवाले मी सकाळ-संध्याकाळ मोजतो. आजवर एक खुंटी हरवली नाही. आणि आता अख्खा खांब! गडी काय म्हणतील? मिस्त्रींनी विकला, असंच म्हणणार."

"फुलीवाले मोजता?"

मिस्त्री हसले. "कचरा कोण मोजतो? तो शेवटी भट्टीवर जातो. मधे लागलं तर त्यातलंच काहीतरी टेकूला घेतो."

मोजणीबाईंनी ताडपत्री उचलून अकरा खांब पाहिले. दहा फूट लांब, वीतभर जाड, गोल. वरच्या टोकाला तुळईच्या खाचेत बसणारी कोरलेली जीभ, खालचं टोक सपाट. बुंध्याकडे प्रत्येक खांब काळपट ओला होता.

"हे ओले का?"

"यांना रोज सकाळी घाम फुटतो," मिस्त्री म्हणाले. "उभे होते तेव्हाही फुटायचा. ते आठ बघा ना. लाकूड म्हातारं झालं की असं होतं. माझंही होतं."

उभ्या आठ खांबांच्या पायाशीही तसाच ओला पट्टा होता, कमरेपर्यंत. मोजणीबाईंनी त्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"काल संध्याकाळनंतर इथे बाहेरचं कोण आलं?"

"लाकूडवाला. त्याचा टेम्पो होता." मिस्त्रींचे डोळे बारीक झाले. "आणि बाई, तो त्याच खांबावरून हात फिरवत होता."

३

लाकूडवाल्याला फोन करून बोलावलं. तो येईपर्यंत मोजणीबाई स्वयंपाकघरात बसल्या. मालकीणबाईंनी चहा ठेवला होता. साठीच्या, उंच, हात कोपरापर्यंत दुधाच्या वासाचे. टेबलापाशी त्यांची लेक होती, शहरात नोकरी करणारी, दोन दिवसांची रजा घेऊन आलेली. आणि दारात, पाटावर, त्यांचे धाकटे दीर. घरादारात आणि गड्यांमध्येही ते काका होते.

"खांब सापडेल हो," काका म्हणाले. "नाही सापडला तरी काय बिघडतं? नकाशा आहे ना?"

"बिघडतं," मोजणीबाई म्हणाल्या. "अर्जात लिहिलेला खांब मी यायच्या दिवशी नाहीसा होतो. खांब नसण्याचा फायदा कोणाला? अर्जदाराला. मला तसंच लिहावं लागेल."

लेकीनं कप खाली ठेवला. "म्हणजे आईनं चोरला? स्वतःच्या गोठ्यातून?"

"लिहिताना 'लपवला' असं लिहितात."

काकांच्या हातातली बशी थोडी कलंडली. चहा पाटावर सांडला.

"जपून, भाऊजी," मालकीणबाई म्हणाल्या आणि फडकं दिलं. "कालपासून यांचं असंच चाललंय. जेवलेसुद्धा नाहीत धड. हिनं दुपारी तुमच्या कार्यालयाचा नियम मोठ्यानं वाचून दाखवला आणि यांची भूकच मेली."

"नियमाची भाषा तशीच असते," मोजणीबाई म्हणाल्या. "पाणी खरंच किती चढलं होतं?"

"फार नव्हतं हो," मालकीणबाईंनी सुरुवात केली. "मोठ्या पुरात म्हणाल तर..."

"अर्जदाराचं तोंडी चालत नाही, बाई. नाइलाज आहे."

"मग काकांना विचारा," लेक म्हणाली. "एक्केचाळीस वर्षं हीच गोष्ट ऐकवतात. माझ्या लग्नात तर भटजींना थांबवून ऐकवली होती."

काका एरवी या गोष्टीला आमंत्रणाची वाट पाहत नसत. आज त्यांनी आधी घसा खाकरला, मग वहिनींकडे पाहिलं. पण गोष्ट सवयीची होती आणि पहिल्या वाक्यानंतर ती आपली आपण धावू लागली.

"पहाटे बांध फुटला. मी गोठ्यात शिरलो तेव्हा पाणी कमरेला. वासरं सोडेपर्यंत छातीला. मग," काकांनी हात डोक्याच्या वर नेला, "इथे! वासरू काखेत आणि मी पोहतोय. सात वासरं, सात फेऱ्या. आणि पाणी काही लगेच ओसरलं नाही. दोन दिवस! दोन दिवस जागचं हललं नाही. तिसऱ्या दिवशी मी चाकू घेतला आणि खूण केली."

"तुम्ही केलीत ती खूण?"

"मीच." काकांचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे... अंधार होता गोठ्यात."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

४

लाकूडवाला गोरामोरा होऊन उतरला. पस्तिशीचा, अंगात चार खिशांचा शर्ट, चारही खिशांत काही ना काही.

"मी चोर नाही," हे त्याचं पहिलं वाक्य.

"तुम्हाला अजून कोणी विचारलेलं नाही," मोजणीबाई म्हणाल्या.

"मिस्त्री माझ्याकडे बघतायत ना तसे!"

मिस्त्री खरंच तसे बघत होते. "खांबाला कुरवाळत होतास की नाही?"

"होतो! असा खांब मिळतो कुठे? हॉटेलवाले वेडे होतात अशा लाकडासाठी. उभा चिरून टेबल केलं असतं, खुणांसकट. पण मालकीणबाई म्हणाल्या, हा द्यायचा नाही. विषय संपला. मी पाच वाजता वासे भरले आणि गेलो."

"तो गेल्यावरच मी ताडपत्री टाकली," मिस्त्रींनी नाइलाजानं कबूल केलं. "तेव्हा बारा होते. पण नंतर परत आला असेल."

मोजणीबाईंनी टेप काढली. टेम्पोचा हौदा सात फूट दोन इंच भरला. खांब दहा फूट. मागे जवळजवळ तीन फूट खांब बाहेर काढून खाडीच्या एकमेव पुलावरून, चहाच्या टपरीसमोरून, कोणाच्या नजरेस न पडता जायचं म्हणजे कठीणच होतं.

मग त्या ढिगापासून फाटकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. माती मऊ होती. त्यांच्या स्वतःच्या चपलांचे ठसे स्पष्ट उठले होते. लाकूड ओढल्याची रेघ कुठे नव्हती.

"असा खांब उचलायला किती माणसं लागतात?"

"चार," मिस्त्री म्हणाले. "तीन, पण मग दुसऱ्या दिवशी तिघेही रजेवर."

"चार माणसं खांद्यावर वजन घेऊन चालली तर पाय खोल रुततील. फाटकाकडे तसे पाय नाहीत. खाडीकडे?"

"नाहीत. मी पाहिलं."

"मग खांब बाहेर गेलेला नाही."

मिस्त्रींनी चारी बाजूंना पाहिलं. दोन ढीग, कौलांची रास, अर्धा गोठा, चौदा गाई. दहा फुटांचा खांब लपेल अशी जागा अख्ख्या आवारात नव्हती. फुलीवाला ढीगही त्यांनी उपसून घेतला. त्यात पडवीचे चार खांब, तुटके वासे आणि एक भेदरलेली मांजर निघाली.

"आज सकाळी काम केव्हा सुरू केलंत?"

"साडेसहाला. पण खऱ्या कामाला लागेपर्यंत साडेसात. काकांनी गोंधळ घातला, की मधला टेकू डळमळतोय, जाडजूड बघून दुसरा लावा. मला काही डळमळताना दिसला नाही. पण म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार? दिला बदलून."

मोजणीबाईंनी वहीत वेळ लिहून घेतली. दुपारचं जेवण ताडपत्रीच्या सावलीत झालं. लाकूडवालाही थांबला, त्याला आता संशयित म्हणून मिरवायला आवडू लागलं होतं. लेकीनं काकडीवर मीठ घालायला डबी उलटी केली, तर मीठ पडेना.

"सकाळी भरलेलं, आणि आत्ताच पाणी सुटलं बघ," ती म्हणाली. "या हवेत मिठाचा चमचासुद्धा कोरडा राहत नाही. आई, कशी राहतेस गं इथे?"

"तुझ्या फ्लॅटमध्ये चौदा गाई मावल्या की येते," मालकीणबाई म्हणाल्या.

५

अडीच वाजता मोजणीबाई अहवाल लिहायला बसल्या. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. खाडीवरून वारा सुटला होता. बसायला त्यांनी गोठ्याच्या कडेचं उलटं घमेलं घेतलं, टेकूंच्या ओळीपासून हातभर बाहेर. आत बसायला मिस्त्रींनी मनाई केली होती.

अर्जदाराचं नाव, जागा, तारीख. मग 'पुरावा' हा रकाना. त्या थांबल्या. समोर मालकीणबाई एका गाईच्या गळ्याखाली खाजवत उभ्या होत्या. मोजणीबाईंनी सव्वीस वर्षांत अनेक लबाड अर्जदार पाहिले होते. लबाड अर्जदार अधिकाऱ्याला जास्त साखरेचा चहा देतो. या बाईंचा चहा चक्क फिका होता.

पण रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. त्यांनी 'अर्जदाराने' हा शब्द लिहिला.

त्यावर टपकन एक थेंब पडला.

शाई पसरली. मोजणीबाईंनी वर पाहिलं. कौलं नव्हती, आभाळातून काही पडत नव्हतं. दुसरा थेंब त्यांच्या मनगटावर पडला. तो मधल्या टेकूच्या वरच्या टोकाकडून, वाऱ्यानं तिरका होऊन, आला होता.

त्या उठल्या. टेकू नीट पाहिला. जाड, गोल, पायाशी खडखडीत कोरडा. वर, तुळईला टेकलेल्या बाजूला, काळपट ओला. शिवाय वरच्या टोकापासून खाली कमरेच्या उंचीपर्यंत चिखल थापलेला. चिखल जमिनीवरून उडतो. पाय कोरडा ठेवून माणसाच्या डोक्याच्या वर तो कसा उडेल?

त्यांनी मनगट ओठांपाशी नेलं आणि थेंबाला जीभ लावली.

खारट होता.

"मिस्त्री," त्या हाक मारून म्हणाल्या, "तुमचा चोर सापडला. तुम्हीच आहात."

६

दुसरा टेकू लावून मधला खाली उतरवायला पाऊण तास लागला. मिस्त्री तो पाऊण तास स्वतःशीच पुटपुटत होते.

"फुलीवाला होता. मी स्वतः फुली बघून उचलला. गोल पुसून फुली केली असेल, तर मला काय स्वप्न पडणार? आणि टेकू म्हणून लावलेलं लाकूड मी परत बघतो होय? टेकू म्हणजे हत्यार. पहार मोजतो का कोणी?"

"म्हणूनच," मोजणीबाई म्हणाल्या. "चोराला खांब उचलायचाच नव्हता. गोल खांब ढिगाच्या कडेला होता. पहारीनं चार पावलं लोटला, चिखल थापला, फुली मारली. उचलायचं काम तुमच्या गड्यांनी केलं. आणि उलटा का लावलात?"

"वरच्या टोकाला जीभ आहे ना. जिभेवर तुळई टेकत नाही. सपाट बूड वर, जीभ जमिनीत. कोणीही तसाच लावेल."

लेकीनं बादलीभर पाणी आणून खांब धुतला. चिखल गेला आणि चाकूच्या रेघा दिसल्या. चार रेघा. मोजणीबाईंनी बुडापासून टेप लावली. दीड फूट. एक फूट दहा इंच. दोन फूट. आणि चौथी, सगळ्यात खोल कापलेली, खूप वर.

"सहा फूट सात इंच," त्यांनी वाचलं.

साडेपाचाचा नियम सगळ्यांना पाठ झाला होता.

"संपलं म्हणजे," लेक हळूच म्हणाली. ती आईला शहरात न्यायला आली होती, पण हे म्हणताना तिचा चेहरा उतरला होता.

मालकीणबाई कौलांच्या राशीवर बसल्या. "सहा फूट सात?" त्यांनी विचारलं. "भाऊजी?"

काका गाईंकडे बघत होते.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "खांब मी लोटला. संध्याकाळी, सगळे गेल्यावर. बाई, वहिनींना यातलं काही माहीत नाही, त्यांच्या नावावर काही लिहू नका. मला वाटलं होतं, तुम्ही नकाशा बघून सही कराल, पाचच्या बसनं जाल, आणि उद्या टेकू भट्टीवर जातील."

"आणि मिस्त्रींचं नाव खराब झालं असतं," मोजणीबाई म्हणाल्या.

"ते सुचलं नाही," काका म्हणाले. मिस्त्रींनी मान फिरवली. थोड्या वेळानं काका म्हणाले, "माफ करा, मिस्त्री." मिस्त्रींनी मान आणखी फिरवली, पण खिशातून तंबाखूची डबी काढून मागे न बघताच पुढे केली.

"खांब कोणी लपवला ते कळलं," मोजणीबाई म्हणाल्या. घड्याळात पावणेचार झाले होते. "पण मी त्यासाठी आले नव्हते. मी पाणी मोजायला आले होते. आणि ते अजून मोजून झालेलं नाही."

७

मोजणीबाई धुतलेल्या खांबाला सोडून उभ्या आठ खांबांकडे गेल्या.

"काका, पाणी किती दिवस होतं?"

"दोन."

"जागचं हललं नाही?"

"नाही. ते खरं आहे."

"समुद्राचं पाणी लाकडाला दोन दिवस लागलं तर मीठ आत मुरतं. आणि मीठ दमट हवेत काय करतं ते दुपारी डबीत पाहिलं. मिस्त्री, तुमच्या खांबांना म्हातारपणाचा घाम फुटत नाही. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. वर कौलं होती, त्यामुळे पावसानं ते धुऊन गेलं नाही. म्हणून जिथपर्यंत पाणी उभं होतं, तिथपर्यंतच खांब ओला होतो."

लाकूडवाल्यानं पुढे होऊन एका खांबाला बोट लावलं आणि चाखलं. "खारट आहे!" तो आनंदानं म्हणाला, जणू ते मीठ त्यानंच घातलं होतं.

मोजणीबाईंनी पहिल्या खांबाला टेप लावली. तीन फूट चार इंच. दुसऱ्याला तीन फूट चार. तिसऱ्याला तीन फूट तीन. मग ताडपत्रीखालचे अकरा. कुठे एक इंच कमी, कुठे एक जास्त. शेवटी त्या बाराव्यापाशी आल्या. चौथ्या रेघेजवळचं लाकूड हाडासारखं कोरडं होतं. ओली कड संपत होती ती तीन फूट चारला.

"मीठ पाण्याच्या थोडं वर चढतं. खाली राहत नाही," त्या म्हणाल्या. "सहा फूट सात इंच पाणी दोन दिवस उभं असतं, तर हे खांब आज माझ्या डोक्याच्या वर ओले झाले असते. एकोणीस खांब एक सांगतात. विसावा तेच सांगतो, फक्त त्याच्यावरची रेघ वेगळं सांगते. रेघ खोटी आहे. हे काकांना एकट्यालाच माहीत होतं. म्हणून खांब वाचला जाऊ नये असं त्यांनाच वाटणार होतं. दुसऱ्या कोणाला भीती वाटायचं कारण नव्हतं. आणि टेकू बदलायला लावला तोही त्यांनीच."

काकांनी डोळे मिटले. "खूण करायला गेलो तेव्हा बाहेर सगळी वस्ती जमली होती," ते म्हणाले. "कोणीतरी म्हणालं, तू पोहून वासरं काढलीस म्हणे. मी नाही म्हणणारच होतो. मग खांबाकडे बघितलं. कमरेएवढ्या पाण्यात कोण पोहतं? म्हणून रेघ जरा वर घेतली."

"जरा?" लेक म्हणाली. "तीन फूट?"

"तू नव्हतीस तेव्हा."

"मी होते," मालकीणबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"लग्नाला पंधरा दिवस झाले होते. लुगडं खोचून मीही शिरले पाण्यात. चार वासरं भाऊजींनी काढली, तीन मी. चालत. आणि भाऊजींना पोहता येतच नाही, अजूनही येत नाही."

"आई! आणि एक्केचाळीस वर्षं तू गप्प बसलीस?"

"नव्या सुनेनं दिराला चारचौघांत खोटं पाडायचं? मग वर्षं गेली, आणि गोष्ट फार छान व्हायला लागली. भटजीसुद्धा रंगून गेले होते." मालकीणबाईंनी काकांकडे पाहिलं. "पण भाऊजी, मला वाटायचं तुम्ही बोलताना वाढवता. लाकडात वाढवाल असं नव्हतं वाटलं. त्या खांबाला वर कायम दोऱ्या आणि घोंगड्या टांगलेल्या, रेघ कधी दिसलीच नाही. नाहीतर अर्जात कशाला लिहिलं असतं?"

काकांचे कान लाल झाले होते.

"पाच फूट चार इंच जोतं," मोजणीबाई कागदावर लिहीत म्हणाल्या. "चढायला उतार द्यावा लागेल, गाईंना पायऱ्या चालत नाहीत. ते केलंत तर परवानगी आहे." त्यांनी सही केली, तारीख घातली आणि कागद मालकीणबाईंच्या हातात दिला. मालकीणबाईंनी तो दोनदा वाचला, ओल्या हातांनी खराब होईल म्हणून लेकीकडे दिला, आणि पदरानं तोंड पुसत गाईंकडे निघून गेल्या. त्या तिथे काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण हंबरणं थांबलं.

"उतार मी करून देतो," मिस्त्री म्हणाले. "उतरवणाऱ्यांनी एकदा बांधून बघायला हरकत नाही."

"एक काम राहिलं," मोजणीबाई म्हणाल्या. "खोट्या रेघेबद्दल तुमचा जबाब लागेल, काका. नाहीतर उद्या दुसरा अधिकारी खांब बघून माझी सही खोडेल."

बसला अजून पस्तीस मिनिटं होती. काका घमेल्यावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. मालकीणबाई परत आल्या आणि त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. मोजणीबाईंनी नवा कागद घेतला.

"सांगा. जसं घडलं तसं."

"पहाटे बांध फुटला," काका म्हणाले. "पाणी कमरेला होतं. मी आणि वहिनींनी मिळून सात वासरं बाहेर काढली. मी चार, त्यांनी तीन. चालत."

पेन कागदावर भराभर चाललं होतं. काकांनी ते थोडा वेळ पाहिलं.

"पण लाटा मोठ्या होत्या," ते म्हणाले.

पेन थांबलं. मोजणीबाईंनी मालकीणबाईंकडे पाहिलं.

"लाटा नव्हत्या," मालकीणबाई म्हणाल्या.

मोजणीबाईंनी ती ओळ खोडली. कागदाच्या तळाशी सहीची जागा आली, तेव्हा काकांनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"वारा तरी लिहा," ते हळू आवाजात म्हणाले.

मोजणीबाईंनी पुन्हा वर पाहिलं. मालकीणबाईंनी जरा विचार केला.

"वारा होता," त्या म्हणाल्या. "चांगलाच होता."